आगीचा शत्रू, आगीचा मित्र : आल्डो लिओपोल्ड

वणवा हा शब्द उच्चारला की आपल्या मनात विध्वंसाचेच चित्र उभे राहते. खांडववनाच्या दहनाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डोंगर पेटला की झाडे जळतात, पाखरांची घरटी जळतात, सरपटणारे जीव होरपळतात, हेही आपल्या परिचयाचे आहे. त्यामुळे जंगल राखणे म्हणजे आग विझवणे, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. अशा वेळी कोणी वनशास्त्रज्ञ सांगू लागला, की काही जंगले टिकवायची असतील तर त्यांना अधूनमधून आपणच ठरवून आग लावली पाहिजे, तर आपण त्याला वेड्यात काढू.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत असे सांगणाऱ्यांना खरोखरच वेड्यात काढले जात होते. आणि वेड्यात काढणाऱ्यांत एक तरुण, तडफदार वनाधिकारी आघाडीवर होता. त्याचे नाव आल्डो लिओपोल्ड. पुढे याच माणसाने आपले मत बदलले, आणि तेही चार लोकांसमोर, छापील लेखातून. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकाचे लेखक म्हणून आज जग त्यांना ओळखते. माणसाने जमिनीशी, पाण्याशी, झाडाझुडपांशी, पशुपक्ष्यांशी कसे वागावे याचा नीतिविचार मांडणारा तत्त्वचिंतक, अशी त्यांची ख्याती आहे. परंतु या विचारापर्यंत ते ज्या वाटेने गेले, त्या वाटेवर आगीने त्यांना पुष्कळ शिकवले. त्या शिक्षणाची ही हकीकत.

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा संस्थानातील बर्लिंग्टन या गावी झाला. मिसिसिपी नदीच्या काठी, उंच कड्यावर त्यांचे घर होते. वसंतात आणि शरदात बदकांचे, हंसांचे थवे नदीवरून जात. घरातील वातावरण जर्मन वळणाचे होते. वडील कार्ल यांचा लिहिण्याची मेजे बनवण्याचा कारखाना होता. ते शिकारी होते, पण हाताला लगाम घालणारे शिकारी होते. शिकारीवर कायद्याचे बंधन फारसे नव्हते तेव्हाही कोणता पक्षी केव्हा मारायचा नाही, याचे नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतले होते. हे संस्कार मुलावर झाले. पाहिलेले टिपून ठेवायची सवय आल्डोला लहानपणीच लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही.

पुढे ते येल विद्यापीठाच्या वनविद्यालयात गेले आणि १९०९ साली वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले. हे विद्यालय गिफर्ड पिंचॉट यांच्या घराण्याने दिलेल्या देणगीतून १९०० साली निघाले होते. पिंचॉट हे अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख. त्यांनी ज्यांच्याकडून वनशास्त्राचे धडे घेतले ते डीट्रिख ब्रँडिस म्हणजे १८६४ साली नेमले गेलेले हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. वार्षिक वणवे बंद करण्याचा प्रयोग त्या काळात आपल्याकडे मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात सुरू झाला होता. डोंगरावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलाला आग लावत आले ते अज्ञानापोटी, आणि शास्त्र शिकलेल्या माणसाने ती बंद करावी, ही समजूत युरोपच्या थंड, ओलसर प्रदेशात तयार झालेली होती. ती हिंदुस्थानातही रुजली आणि अमेरिकेतही रुजली. येलमधून बाहेर पडलेला बावीस वर्षांचा लिओपोल्ड हीच समजूत बरोबर घेऊन निघाला.

त्यांची पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. नोकरीला वर्ष होते न होते तोच १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात प्रचंड वणवा भडकला. दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले, आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यांतील बहुतेक आग विझवायला गेलेली होती. या घटनेने वनसेवेच्या मनावर खोल जखम केली. आग दिसली की विझवायचीच, लहान असो वा मोठी, या धोरणाला जणू युद्धाचे रूप आले. १९३५ साली तर असा दंडक घालण्यात आला, की कोणतीही आग दृष्टीस पडल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे.

लिओपोल्ड या सेवेत झपाट्याने वर चढले. १९१२ साली ते न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनाचे मुख्य अधिकारी झाले, आणि त्याच वर्षी एस्टेला बर्हेरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१३ मध्ये रानात वादळात सापडून भिजल्यानंतर त्यांना मूत्रपिंडाचा भयंकर विकार जडला. मृत्यूच्या दारातून ते परत आले, पण दीड वर्षाच्या आसपास अंथरुणात आणि विश्रांतीत गेले. १९१९ पासून नैर्ऋत्य विभागातील सुमारे दोन कोटी एकर वनांच्या कारभाराची देखरेख त्यांच्याकडे आली. रस्ते, चौक्या, माणसे, आणि अर्थात आग विझवण्याची व्यवस्था हे सारे त्यात आले.

त्या सुमारास कॅलिफोर्नियात एक वाद पेटला होता. काही जमीनमालक, पशुपालक आणि लाकडाचे व्यापारी म्हणत होते, की इथले मूळ रहिवासी जशी दर काही वर्षांनी जंगलात हलकी आग लावत, तशी आपणही लावावी. खाली साचलेला पाचोळा जळून जाईल आणि मोठा वणवा भडकणार नाही. वनसेवेने या मताची यथेच्छ टिंगल केली. तिकडच्या पाय्यूट नावाच्या आदिवासी जमातीवरून या पद्धतीला ‘पाय्यूट वनशास्त्र’ असे कुत्सित नाव पडले. १९२० साली लिओपोल्ड यांनी याच नावाखाली एक लेख लिहून हलक्या आगीच्या पुरस्कर्त्यांवर कडाडून हल्ला चढवला. आगीने रोपे मरतात, म्हणजे उद्याचे जंगलच मरते. मोठ्या झाडांच्या बुंध्यांना व्रण पडून ती किडतात. जमिनीचा कस जातो आणि चारा घटतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद सुसंगत होता आणि त्यातील काही गोष्टी खऱ्याही होत्या. पण ज्या जंगलाबद्दल ते लिहीत होते, त्या जंगलाला त्यांनी अजून पुरते विचारले नव्हते.

विचारण्याची संधी त्यांच्या नोकरीनेच दिली. तपासणीसाठी घोड्यावर बसून ते दक्षिण ॲरिझोनाच्या डोंगरपायथ्यांतून वर्षानुवर्षे हिंडत होते. एक कोडे त्यांना सतावीत होते. या भागात जमिनीची धूप भयानक वेगाने चालली होती. दऱ्याखोऱ्यांतील सुपीक माती पुराबरोबर वाहून जात होती आणि जिथे पूर्वी गवत होते तिथे झुडपांचे रान माजले होते. वनसेवेचे अधिकृत मत असे, की गुरांनी गवत खाल्ले तर बरेच. कारण गवत नाही तर वणवाही नाही.

लिओपोल्ड यांनी जुन्या जुनिपरच्या झाडांचे बुंधे बारकाईने पाहायला सुरुवात केली. झाड आगीत पोळले पण मेले नाही, तर त्या जागी व्रण राहतो आणि पुढची वलये त्या व्रणाच्या कडेने वाढत जातात. वलये मोजली की आग केव्हा लागली होती ते कळते. या व्रणांवरून त्यांच्या ध्यानात आले, की पूर्वी इथे वारंवार आगी लागत होत्या, आणि साधारण चाळीस वर्षांमागे त्या थांबल्या. चाळीस वर्षांमागे काय घडले होते? हजारोंच्या संख्येने गुरे आली होती. गुरांनी गवत फस्त केले. गवत गेल्यामुळे आगीला पसरायला काही उरले नाही. आग थांबल्यामुळे झुडपे माजली. आणि माती धरून ठेवणारे गवताच्या मुळांचे जाळे गेल्यामुळे माती वाहू लागली. म्हणजे शेकडो वर्षे लागत आलेल्या आगींनी जमिनीचे नुकसान केले नव्हते. ते केले होते आग नाहीशी झाल्यानंतरच्या चाळीस वर्षांनी.

१९२४ साली त्यांनी हे सारे वनशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वणव्याचा धोका थोडा वाढला तरी चालेल, पण चराई कमी करून गवत राखले पाहिजे, असे त्यांनी आपल्याच खात्याच्या धोरणाविरुद्ध सांगितले. चारच वर्षांपूर्वीच्या त्यांच्या लेखाशी हे ताडून पाहिले, की या माणसाचे मोठेपण लक्षात येते. कोणी त्यांना वादात हरवले नव्हते. पुरावा झाडाच्या बुंध्यावर होता, आणि तो वाचण्याइतके ते प्रामाणिक होते.

त्याच वर्षी, त्यांच्याच प्रयत्नाने, न्यू मेक्सिकोतील गिला हा प्रदेश रस्ते आणि वस्तीपासून मुक्त असे ‘रानप्रदेश’ म्हणून राखून ठेवण्यात आला. अशा प्रकारचा तो पहिलाच राखीव प्रदेश. आणि त्याच वर्षी त्यांची बदली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील लाकूड-संशोधनाच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे त्यांचे मन रमले नाही. १९२८ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि वन्य पशुपक्ष्यांच्या पाहणीचे काम हाती घेतले. या काळात हर्बर्ट स्टॉडर्ड या संशोधकाशी त्यांचा स्नेह जमला. जॉर्जियातील लाँगलीफ पाइनच्या जंगलात लाव्यासारख्या बॉबव्हाइट पक्ष्यांचा अभ्यास करताना स्टॉडर्ड यांना दिसून आले होते, की ठरावीक काळाने हलकी आग लावली नाही, तर खालचे गवत आणि शेंगावर्गीय वनस्पती नाहीशा होतात, पक्षी निघून जातात आणि पाइनच्या जागी दुसरेच रान माजते. १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने लिओपोल्ड यांना वन्यजीव-व्यवस्थापनाचे प्राध्यापकपद दिले.

त्यानंतरच्या दोन प्रवासांनी त्यांच्या विचारांना आकार दिला. १९३५ साली ते तीन महिने जर्मनीत राहिले. वनशास्त्राची ही जन्मभूमी. तिथे त्यांना मैलोगणती एकाच जातीच्या, एकाच वयाच्या स्प्रूस झाडांच्या रांगा दिसल्या. पूर्वीची बीच, ओक वगैरेंची मिश्र जंगले तोडून, उत्पन्न वाढावे म्हणून ही लागवड झाली होती. खाली ना गवत, ना फुले, ना झुडपे. नुसता न कुजणारा पाचोळा. जमिनीचा कस उतरत चालला होता आणि जर्मन वनशास्त्रज्ञ स्वतःच पुन्हा मिश्र जंगलाकडे वळण्याची धडपड करीत होते. दुसरा प्रवास मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वताचा. १९३६ मध्ये आणि पुन्हा १९३७ मध्ये ते तिथल्या रिओ गाविलान नदीच्या खोऱ्यात गेले. ॲरिझोनातल्यासारखेच हवामान, तशीच पाइन आणि ओकची मिश्र जंगले. पण अपाची लोकांच्या धाकामुळे आणि पुढे बंडाळीमुळे तिथे गुरे पोचली नव्हती, आणि आग विझवायलाही कोणी नव्हते. दर काही वर्षांनी तिथे आगी लागत. पाइनची झाडे जरा विरळ होती, एवढाच काय तो फरक. बाकी नदीचे पाणी स्वच्छ, माती जागच्या जागी, हरणे भरपूर, आणि त्यांच्या जोडीला लांडगे व पर्वतीय सिंहही होते. निरोगी जमीन कशी असते हे आपण आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, असे त्यांना वाटले.

या मिश्र जंगलात आग नेमके काय काम करते, ते आज आपल्याला अधिक नीट सांगता येते. पॉन्डेरोसा पाइनच्या जुन्या झाडाची साल जाड असते. तिथल्या पावसाळ्याच्या तोंडाशी विजा पडून लागलेली आग जमिनीलगत सरकते, वाळले गवत आणि सुया जाळते, बरीचशी रोपे मारते आणि थोडी शिल्लक ठेवते. ओक वरून जळाला तरी मुळापासून पुन्हा फुटतो. मध्ये मध्ये उघडी जागा राहते, तिथे गवत आणि फुलझाडे येतात. आग बंद केली की सावलीत वाढणारी फर वगैरे झाडे खालून दाट उठतात, पाइनच्या रोपांना ऊन मिळत नाही, आणि अनेक जातींचे जंगल हळूहळू थोड्या जातींचे होऊ लागते. शिवाय ही दाटी म्हणजे आगीला शेंड्यापर्यंत चढायला लावलेली शिडीच. मग कधीतरी आग लागतेच, आणि ती शेंड्याशेंड्याने धावत तीनशे वर्षांचे झाडही खाऊन टाकते. विस्कॉन्सिनमधील बर ओकची कथा थोडी निराळी, पण सार तेच. बुचासारख्या जाड सालीमुळे हे झाड गवताळ प्रदेशाच्या, म्हणजे प्रेअरीच्या, आगीत तग धरी. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमीन नांगरली, आगी थांबल्या, आणि काही दशकांतच विरळ ओकराईचे गर्द रान झाले. लिओपोल्ड यांनी या झाडावर एक सुंदर निबंध लिहिला आहे.

मॅडिसनमध्ये विद्यापीठाच्या वृक्षोद्यानाची स्थापना १९३४ मध्ये झाली. लिओपोल्ड तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. झाडांचा नुसता संग्रह करण्याऐवजी विस्कॉन्सिनची मूळ निसर्गरूपे पुन्हा उभी करावीत, ही कल्पना तिथे पुढे आली. एका जुन्या शेतावर प्रेअरीची ढेकळे आणि बियाणे आणून लावण्यात आले. पण युरोपातून आलेले ब्लूग्रास नावाचे गवत हटेना. तेव्हा जॉन कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४० नंतरच्या दशकात तिथे आगीचे प्रयोग केले. ब्लूग्रास वसंताच्या सुरुवातीलाच हिरवे होते. प्रेअरीच्या देशी वनस्पती तेव्हा अजून जमिनीखाली झोपलेल्या असतात. नेमक्या त्या वेळी आग लावली तर परके गवत मार खाते, आणि पुढे काळ्या, उबदार झालेल्या जमिनीतून देशी वनस्पती जोमाने वर येतात. आगीचा हात धरल्याशिवाय प्रेअरी परत येणार नाही, हे सिद्ध झाले. ‘ठरवून लावलेली आग’ म्हणजे काय, ते इथे स्पष्ट होते. कोकणातला शेतकरी राब भाजताना जसा वारा पाहतो, कडेची जागा साफ करतो, तसेच हे काम आहे. फक्त मोठ्या प्रमाणावर आणि मोजमाप करून. वाऱ्याची दिशा, हवेतील दमटपणा, पाचोळ्याचा ओलावा हे सारे आधी तपासायचे. भोवती जाळरेषा काढायच्या. प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध हळू सरकणारी आग लावून कडेचा पट्टा जाळून घ्यायचा. आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत जागा सोडायची नाही.

१९३५ सालीच लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी ऐंशी एकरांचे एक नापीक, टाकून दिलेले शेत विकत घेतले. त्यावर उभी असलेली एकच गोष्ट म्हणजे कोंबड्यांचे जुने खुराडे. तेच साफसूफ करून त्यांनी राहण्याजोगे केले. पत्नी आणि पाच मुले यांच्यासह दर वसंतात तिथे जाऊन त्यांनी पाइनची हजारो रोपे लावली. अवर्षणाने ती मरत, सशांनी खाल्ली जात. पुढच्या वर्षी ते पुन्हा लावीत. याच जागी त्यांच्या पुस्तकातील पुष्कळसे निबंध सुचले. त्यांतल्याच एका निबंधात त्यांनी तरुणपणी ॲरिझोनात गोळी घातलेल्या लांडगिणीची आठवण लिहिली आहे. लांडगे मारले की हरणे वाढतील, असे एकेकाळी त्यांना वाटे. तो समजही त्यांनी आगीविषयीच्या समजाप्रमाणेच स्वतःच्या हाताने पुसून टाकला.

१४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने त्यांचे पुस्तक स्वीकारल्याचे त्यांना कळले. बरीच वर्षे नकार पचवल्यानंतरचा तो होकार होता. बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, ते पत्नी आणि धाकट्या मुलीसह शेतावर होते. सकाळी शेजारच्या शेताकडून धूर दिसला. कचऱ्याची आग वाळल्या गवतात शिरून पाइनच्या दिशेने निघाली होती. तेरा वर्षे जपलेली झाडे! पाठीवर पाण्याचा पंप घेऊन लिओपोल्ड विझवायला धावले. तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते जमिनीवर आडवे झाले, आणि गवतातली ती हलकी आग त्यांच्या अंगावरून सरकत गेली. त्यांचे वय एकसष्ट वर्षांचे होते. पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आगीचे महत्त्व सांगणारा माणूस आग विझवताना गेला, हा विरोधाभास वाटतो; पण विचार केला तर तो विरोधाभास नाही. प्रेअरीला हवी असलेली, योग्य वेळी, योग्य वाऱ्यात माणसाने सांभाळून लावलेली आग वेगळी, आणि कोवळ्या पाइनवर चालून आलेली बेवारशी आग वेगळी. कोणती आग, कोणत्या जंगलात, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे प्रश्न न विचारता सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणणे हीच मूळची चूक होती. आपल्या उपखंडातही ब्रह्मदेशातील सागाच्या आणि आसामातील सालाच्या जंगलांत आग कडेकोट बंद केल्यावर नवी रोपे नीट येईनात, तेव्हा वनाधिकाऱ्यांना हाच प्रश्न नव्याने विचारावा लागला होता.

लिओपोल्ड यांचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही. त्यांचे पुत्र स्टार्कर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत आगीला तिचे स्थान परत द्यावे, असा अहवाल दिला. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचे धोरण बदलले, आणि १९७८ मध्ये वनसेवेने सकाळी दहाचा दंडक सोडला. पण मधल्या दशकांत साचलेला पाचोळा आणि दाटी काही कागदावरच्या निर्णयाने नाहीशी झाली नाही. ज्या अपाची वनात लिओपोल्ड यांची नोकरी सुरू झाली, तिथे २०११ साली पेटलेला वणवा पाच लाख अडतीस हजार एकरांवर पसरला. आणि २०२२ साली न्यू मेक्सिकोत खुद्द वनसेवेने ठरवून लावलेली आगच हाताबाहेर जाऊन सुमारे तीन लाख एक्केचाळीस हजार एकर जळाले, शेकडो घरे गेली. म्हणजे आगीशी मैत्री करणे हेही सोपे काम नाही. जितकी वर्षे ती पुढे ढकलावी, तितकी ती अधिक धोक्याची होते.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. वनशास्त्राचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. लिओपोल्ड यांनी १९२० साली जे लिहिले ते त्यांच्या गुरूंनी शिकवलेले होते, आणि १९२४ साली जे लिहिले ते जुनिपरच्या बुंध्यांनी शिकवलेले होते. पहिल्या लेखाला खात्यात टाळ्या मिळाल्या असतील. दुसरा लिहायला धैर्य लागले असेल. ज्या पाय्यूट लोकांच्या नावाची टिंगल झाली, त्यांच्यासारख्या लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आज तिथले वनशास्त्रज्ञ पुन्हा शिकू पाहत आहेत. शास्त्राच्या नावाखाली आपणही कोणाकोणाला अडाणी ठरवून मोकळे होतो, याचा विचार इतिहास, समाजशास्त्र किंवा साहित्य शिकणाऱ्यांनी करायचा नाही, तर कोणी करायचा?